हौश्या आणि बाळ्या कोण, हे ताई विचारतायत

साडू, मला एका जागी बसवत नाहीये. हे लिहायला बसलो, उठलो, गॅलरीत जाऊन आलो, उगाच सायकलच्या चाकात हवा भरली. ती आधीच भरलेली होती. मेघा म्हणाली, "काय चाललंय तुमचं? पायाला भिंगरी लागल्यासारखं घरभर फिरताय." तिला काय सांगू? तिच्या बहिणीनं, म्हणजे तुझ्या बायकोनं, मला एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे आणि ते कुणाला द्यायचं नाही अशी शपथ तू मला घालून ठेवलीस. घालून ठेवलीस आणि निघून गेलास.

तेराव्याचे पाहुणे पांगले तेव्हाची गोष्ट. ज्योतीताई सध्या माहेरीच आहेत, मामा-मामींकडे, म्हणजे आपल्या सासुरवाडीला. मी निघताना चप्पल घालत होतो तर त्या मागोमाग फाटकापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हौश्या कोण हो? आणि बाळ्या?" तर म्हणे ताप डोक्यात गेला तेव्हापासून तू ही दोनच नावं घेत होतास. चल रं हौश्या, चल रं बाळ्या, चल, चल. ताईंचं नाव नाही, पोरीचं नाव नाही. त्यात सांत्वनाला आलेल्या कुणा काकूंनी त्यांच्या डोक्यात भरवलंय, की माणूस जायला निघाला की त्याला न्यायला आलेल्यांचीच नावं घेतो. "चल म्हणत होते ना? मग ते तयारच होते, बाई." ताई मला विचारत होत्या, "मी उशाशी बसलेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी. त्या दोघांसंगं जायची एवढी घाई झाली होती का हो?"

मी "बघतो, विचारून सांगतो" असं काहीतरी पुटपुटलो आणि गाडी सुरू केली. कुणाला विचारणार होतो मी? तुला?

तुझ्या भावाला वैजापूरला एक फोन केला तर त्यांना तिथल्या तिथं कळेल. पण ताई तो फोन करणार नाहीत. काय ऐकायला मिळेल याची त्यांना भीती वाटते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणून त्यांनी मला विचारलं. तुझा साडू, तुझ्याबरोबर रोज घाम गाळणारा, याला काही माहीत असेल तर असेल, म्हणून.

आणि मला माहीत आहे रे. चांगलंच माहीत आहे.

लोकांचं काय सांगू तुला. तुझ्या दहाव्याला एकजण माझ्या दंडाला धरून म्हणाला, "एवढी सायकल कशाला चालवायची मी म्हणतो." डेंग्यू झाला होता, सायकल नाही, असं मी त्याला सांगितलं. तर म्हणाला, "ते खरंय, पण तरी." या 'पण तरी'ला मी काय करू? तिथं घाटावर भांडता येत नव्हतं म्हणून गप्प बसलो. तू असतास तर म्हणाला असतास, "जाऊ दे ना यार, कायकू डोकं लावतो." तुझं हे 'कायकू' मला कधी आवडलं नाही. आता दिवसातून कितीदा तरी ते माझ्याच तोंडून निघतं.

सासुरवाडीत व्यायामाची खोली काढायची ही अक्कल कुणाची? तुझी. जगात कुठल्या दोन जावयांनी असा मूर्खपणा केला नसेल. तुझ्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये स्टँडला मागचं चाक अडकवून तू जागच्या जागी सायकल मारायला लागलास, तर खालच्या मजल्यावरचे म्हणाले की रोज पहाटे वर कुणीतरी घरघंटी चालवतंय. माझ्याकडे दोन खोल्या आणि दोन पोरं. रस्त्यावर जावं तर जालना रोडला ट्रक, आतल्या रस्त्यांना कुत्री, आणि उन्हाळ्यात आठ वाजले की डांबर तापलेलं. लांब पल्ल्याची राइड पुरी करायची तर तासन्‌तास बसून सराव हवा, आणि तो करायला जागा नाही. मामांच्या सिडकोतल्या घराला मात्र गच्चीवर एक खोली होती. तिच्यात जुने कूलर, पत्र्याच्या पेट्या आणि मामींचे पापडाचे डबे.

त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. जावयांना वाण द्यायचं म्हणून मामांनी चांदीच्या वाट्या बघून ठेवल्या होत्या. जेवताना, पुरणाचा धोंडा हातात धरून, तू म्हणालास, "मामा, वाट्या नको. वरची खोली द्या." मामींचा वाढायचा हात तिथंच थांबला. त्या म्हणाल्या, "आता घरजावई होताय की काय, भास्करराव?" तू म्हणालास, "नाय मामी. पहाटे येऊ, घाम गाळू, निघून जाऊ. तुम्हाला कळणारबी नाय." मी टेबलाखालून तुझ्या पायावर पाय दिला. तू तो बाजूला सारलास आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "ह्याचंबी तेच म्हणणं आहे."

कळणारबी नाय म्हणे! जावई उंबरा ओलांडून आला आणि तसाच परत गेला, असं मामींच्या घरात कधी झालं नाही. पहिल्या दिवशी पहाटे आपण फाटक उघडलं तर मामी डोक्यावर पदर घेऊन, बशीत शिरा घेऊन ओट्यावर उभ्या. "रिकाम्या पोटी नाही चालवू देणार." आपण शिरा खाऊन वर गेलो. जोर लावायची वेळ आली तसा शिरा वर यायला लागला. तुला म्हटलं, उद्यापासून नको सांग. तू म्हणालास, "तू सांग, तू धाकटा." मी म्हटलं, "तू थोरला, तुझा मान." हा तंटा शेवटपर्यंत मिटला नाही आणि शिराही थांबला नाही.

त्यात आपल्या त्या घट्ट चड्ड्या. मामी आपल्याकडे पाठ करून बशी पुढे करायच्या. शेवटी तू त्यावरून लुंगी गुंडाळायला लागलास. फाटकापासून जिन्यापर्यंत लुंगी, वर गेलं की खुंटीला. मी हसलो तेव्हा तू म्हणालास, "सासुरवाडी आहे लेका, रुबाब पाहिजे." लुंगीवर हेल्मेट घातलेला तुझ्यासारखा रुबाबदार जावई अख्ख्या सिडकोत दुसरा नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगतो.

खोली लावताना आपण किती भांडलो. मला सायकली खिडकीकडे तोंड करून हव्या होत्या, तुला भिंतीकडे. "रस्त्यावर बघायला झाडं असतात, माणसं असतात. मन रमतं. इथं भिंतीकडं बघून बसायला शिकलास तर तिकडं तुला कुणीच हरवू शकत नाय." मी म्हटलं, मी कोंडून घ्यायला आलेलो नाही. आपण आठवडाभर रुसून बसलो. मग मामींनीच खिडकीला जुनी चादर ठोकली, शेजारच्या गच्चीवर बायका कपडे वाळत घालतात म्हणून, आणि विषय संपला. कूलरवरून तर जास्त. मला कूलर हवा, तू म्हणालास बंद खोलीत कूलरनं नुसतं दमट होतं, घाम सुकतच नाही, हवा सरळ अंगावर पाहिजे. हे तुझं बरोबर होतं. पण हवा कुठून आणलीस? वैजापूरहून, भावाच्या खळ्यावरचा धान्य उपणायचा पंखा. तो मोठा, लोखंडी. चालू केला आणि त्याच्या पोटात कुठल्या हंगामाचं भूस साठलेलं होतं ते सगळं भसकन बाहेर आलं. अंगावर, दाढीत, पाण्याच्या बाटलीत, मामींच्या पापडाच्या डब्यांवर. दोघं घामानं चिंब, आणि त्यावर भूस चिकटलेलं. तू इतका हसलास की सायकलवरून उतरावं लागलं.

आणि मॅट. घाम खाली गळून फरशी निसरडी होते म्हणून तू जाडजूड काळ्या रबरी मॅट आणल्यास. मामींना सांगितलंस, खास जिमच्या आहेत, पुण्याहून मागवल्या. मामी दोन दिवस गप्प बसल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, जिमच्या मॅटला शेणाचा वास कसा येतो हो?" मी म्हटलं, रबराचा असेल. भावाच्या गोठ्यात गाई घसरू नयेत म्हणून घातलेल्या होत्या त्या. वर्षभर फिनेल टाकूनही वास गेला नाही. तुला तो यायचाच नाही, किंवा येत होता आणि चालत होता.

मला तेव्हा कळलं नव्हतं की तू हे इतकं लपवतोस का. भावाकडून आणलं म्हणायला काय हरकत होती? नंतर कळलं. ते कळलं त्या दिवशीच तू मला शपथ घातलीस.

सरावाच्या शेवटी आपण चढ ठेवायचो. स्टँडची कळ पिळून पिळून पेडल जड करायचं आणि उभं राहून दाबत राहायचं. त्याला आपण दौलताबादचा घाट म्हणायचो. त्या दिवशी घाट लागला. मी अर्ध्यात सोडून दिलं आणि हँडलवर डोकं टेकवून बसलो. तू दाबत होतास. तोंड लाल, डोळे मिटलेले. आणि एकदम ओरडलास, "चल रं हौश्या! चल रं बाळ्या! चल, चल, चल!" मला वाटलं तुला काहीतरी झालं. मी "थांब, थांब, बास" म्हणत उतरलो. तू थांबला नाहीस. घाट संपवलास, खाली उतरलास, मॅटवर आडवा झालास आणि छताकडे बघत म्हणालास, "हसू नको."

मग सांगितलंस. आमच्या वडलांची जोडी, म्हणालास. हौश्या उजवीकडचा, बाळ्या डावीकडचा. शाळेतून आल्यावर तुला त्यांच्यामागं चालायला मिळायचं. बाळ्या दमला की हौश्या त्याचाबी भार ओढायचा, म्हणालास. तू आयटीआयला शहरात आलास आणि एका सुट्टीत घरी गेलास तर गोठा रिकामा. ट्रॅक्टर घेतला होता. कुणी काही सांगितलं नाही, तूही काही विचारलं नाहीस. "जोर संपला की तेच आठवतेत बघ," म्हणालास, "त्येंना हाका मारल्या की पाय चालतेत." मी हसलो नव्हतो. खरं सांगायचं तर मला तुझा हेवा वाटला. माझा जोर संपला की मला काहीच आठवत नाही.

मी विचारलं, ताईंना माहीत आहे? तू ताडकन उठून बसलास. लग्नात ताईंच्या मैत्रिणींनी तुला नांगऱ्या म्हणून चिडवलं होतं. त्यात माझी मेघा सगळ्यात पुढं होती. पोरींची गंमत, त्या दुसऱ्या दिवशी विसरल्या. तू विसरला नाहीस. त्या दिवसापासून सासुरवाडीत तू शेत, बैल, गोठा हा विषय कधी काढला नाहीस. कंपनीत सुपरवायझर, स्वतःचा फ्लॅट, लांब पल्ल्याचा सायकलवाला. मॅट पुण्याच्या. "शपथ आहे तुला माझी," म्हणालास. "मेलो तरी ह्या घरात कळायला नको." मी म्हटलं, "बरं. घेतली शपथ."

आता बोल. 'मेलो तरी' हे तुझेच शब्द. तोंडातून सहज गेलेले, पण गेलेले. लहानपणी शपथ सोडवून घ्यायला पोरं एकमेकांना म्हणायची, "सुटली म्हण." तू सुटली म्हटलं नाहीस. आता कधी म्हणणार नाहीस. आणि तिकडे तुझी बायको दिवसरात्र एकच विचार करतेय, की तिचा नवरा तिच्याकडे पाठ करून कुणा दोघांबरोबर हौसेनं निघून गेला. तुझा रुबाब राखू की तिचा जीव राखू? सांग ना. तू नेहमी सांगायचास, भिंतीकडं बघ आणि दाबत राहा. बघतोय मी भिंतीकडे. काही सांगत नाही ती.

इथपर्यंत लिहिलं आणि उठलो. मेघा कुठे निघालात म्हणून विचारत होती, तिला आलोच म्हटलं. जाऊन आलो. आता पुढचं लिहितो, आणि तुला राग आला तर येऊ दे.

मामी ओट्यावर होत्या. त्यांना म्हटलं, ताईंना घेऊन जरा वर जातो. ताई जिना चढल्या, पण दारात थबकल्या. इतक्या वर्षांत त्या कधी आत आल्या नव्हत्या. पुरुषांच्या घामाची खोली म्हणून लांबूनच हाक मारायच्या. आत दोन सायकली भिंतीकडे तोंड करून उभ्या. तुझी लुंगी खुंटीला. ताईंनी ती बघितली आणि नजर दुसरीकडे वळवली.

त्यांना पेटीवर बसवलं. मी उभाच राहिलो, मला बसता येत नव्हतं. खोलीभर फिरत फिरत सगळं सांगितलं. घाट म्हणजे काय, कळ कशी पिळायची, शेवटी काय होतं. मग हौश्या कोण ते सांगितलं. बाळ्या कोण ते सांगितलं.

"बैल?" ताई म्हणाल्या.

"हो. तुमच्या सासऱ्यांची जोडी."

"मग मला का नाही सांगितलं कधी?"

मी लग्नातलं सांगितलं. त्यांना आठवतच नव्हतं. खूप वेळ त्या आठवत बसल्या. मग ओठ दाबून म्हणाल्या, "वेडे होते का हो ते? मी हसले असते का?" आणि लगेच म्हणाल्या, "हसले असते. तेव्हा हसले असते मी." पायाखालच्या मॅटकडे बघून विचारलं, "आणि ह्या?" मी म्हटलं, "गोठ्यातल्याच." त्या वाकल्या आणि मॅटवरून तळहात फिरवला, आपण जनावराच्या पाठीवरून फिरवतो तसा.

"म्हणजे ते जात नव्हते," त्या म्हणाल्या.

मला खोटं बोलायचं नव्हतं, साडू. तुझ्या तापलेल्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कसं कळणार? मी म्हटलं, "ताई, मला एवढंच माहीत आहे. सोडून द्यायचं असलं की भास्कर गप्प उतरायचा. चकार शब्द काढायचा नाही. त्या दोघांना हाका मारायचा ते फक्त सोडायचं नसलं की. अंगात काही उरलेलं नसताना, तरी सोडायचं नसलं की."

त्यांनी ते ऐकलं. चेहरा सैल झाला असं मला वाटलं, तेवढ्यात पुन्हा आवळला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण भाऊजी, मी त्यांचा हात घट्ट धरून थांबा, थांबा म्हणत होते हो. ते चल म्हणायचे, मी थांबा म्हणायची. मला वाटलं ते निघालेत. ते तिकडं घाट चढत होते आणि मी मागं ओढत होते."

माझं पाऊल तिथंच थांबलं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एक प्रश्न मिटवायला गेलो आणि त्याहून वाईट प्रश्न त्यांच्या हातात दिला. तुझ्यावर इतका राग आला म्हणून सांगू. शपथ घालतोस, बैल लपवतोस, आणि निस्तरायला मी.

मग मला आठवलं ते मी जसंच्या तसं बोललो. "ताई, मी रोज इथं, ह्या सायकलवरून त्याला थांब म्हणायचो. थांब भास्कर, बास झालं, उद्या करू. रोज. ओरडून म्हणायचो, पंख्याच्या आवाजावर. त्यानं माझं एकदासुद्धा ऐकलं नाही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. तोंडावर पदर धरला, आणि त्या पदराआडून, तू गेल्यापासून पहिल्यांदा, हसल्याचा आवाज आला.

"माझं तरी कुठं ऐकत होते," त्या म्हणाल्या, आणि मोठ्यानं रडायला लागल्या.